पेपरच्या आदल्या दिवशी

लातूरच्या ट्यूशन एरियात दानम्मा राहायला आली तेव्हा त्या गल्लीत तिला एका गोष्टीचं नवल वाटलं. तिथं बाप दिसत नव्हते. प्रत्येक खोलीत एक शिकणारं लेकरू आणि त्याच्यासोबत एक बाई. कुणी अहमदपूरची, कुणी देगलूरची, कुणी पार माहूरकडची. घर, नवरा, म्हातारी माणसं, दुभती म्हैस मागं टाकून या बाया लेकरांच्या पाठीमागं इथं आलेल्या. सकाळी स्वयंपाक करायचा, टँकरचा भोंगा वाजला की घागरी घेऊन पळायचं, लेकरू क्लासला गेलं की दारात बसून गहू निवडायचे आणि एकमेकींना विचारायचं, "तुमच्या पोराचं फिजिक्स कसं हाय?" फिजिक्स म्हणजे काय, हे त्यातल्या कितीजणींना ठाऊक होतं कोण जाणे, पण एखाद्याचा ताप उतरला का विचारावं, तसं त्या विचारायच्या.

दानम्माला कुणी "तुमची मुलगी" म्हटलं की ती जराशी थांबायची आणि मग म्हणायची, "हाव, आमचीच."

वर्षाराणी तिच्या जावेची, सिंधूची मुलगी. दानम्माची स्वतःची दोन लेकरं भूकंपात गेली होती.

त्यांचं गाव औशाच्या खाली, तेरणेच्या अंगाला. दोघे भाऊ, थोरला अण्णाराव आणि धाकटा बसलिंगप्पा, एकाच घरात राहायचे. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर लाकडं टाकून मातीनं लिंपलेलं माळवद. उन्हाळ्यात आत गारवा असायचा. त्र्याण्णव साली गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे ते माळवद खाली आलं. दानम्माचा मलप्पा, त्याच्या पाठची निलम्मा आणि सिंधूचे दोन्ही मुलगे, अशी चारही लेकरं सासूभोवती मधल्या घरात झोपलेली होती. त्यातलं कुणी राहिलं नाही.

दानम्माला बाहेर काढलं तेव्हा ती बेशुद्ध होती, कंबरेचं हाड मोडलं होतं. तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा लेकरांचं विचारलं. तिचा भाऊ उशाशी उभा होता. तो म्हणाला, "आमच्याकडं अक्कलकोटला हायेत. तू आधी बरी हो." तिनं विश्वास ठेवला. दवाखान्यात कुणी कुणी येऊन बिस्किटांचे पुडे वाटायचे. ती आपल्या वाटणीचे पुडे उशीखाली ठेवायची आणि भाऊ आला की त्याच्या हातात द्यायची, "मल्याला आन् निलीला दे." भाऊ पुडे घ्यायचा, खिशात घालायचा आणि निघून जायचा.

दिवाळी जवळ आली तेव्हा त्यांच्याच गावची एक बाई तिच्या वॉर्डात आली. तिचं एक लेकरू गेलं होतं. ती दानम्माच्या गळ्यात पडून म्हणाली, "माझं तरी एकच गं. तुझी तर दोन्ही गेली."

दानम्मानं भावाला कधी बोल लावला नाही. त्यानं पुडे कुठं टाकले, हेही विचारलं नाही. पण आपण दात घासत होतो, भात खात होतो, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी हसत होतो, तेव्हा आपली लेकरं पडलेल्या घराच्याच लाकडांवर कधीची जळून गेली होती, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. तोंडं तर बघायलाच मिळाली नाहीत. त्या दिवसांनंतर ती बोलायला जरा रोखठोक झाली. आडून सांगणं, गोड करून सांगणं तिला जमेनासं झालं. अण्णाराव चिडायचा, "तुझ्या जिभेला काही हाड हाय का?"

पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते तेव्हाची गोष्ट. दवाखान्याची माणसं गावोगाव फिरून सांगू लागली की, ज्या बायांची लेकरं भूकंपात गेली आणि ज्यांचं आधीच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय, त्यांना परत ऑपरेशन करून मूल होऊ शकतं. दोघी जावांचं ऑपरेशन झालेलं होतं. दोघी एकाच जीपमधून गेल्या, शेजारशेजारच्या खाटांवर झोपल्या. टाके दुखायचे तेव्हा सिंधू म्हणायची, "अक्का, मला हसवू नका हो." तेव्हा दोघींना खरंच हसू यायचं. फार दिवसांनी आलेलं हसू होतं ते.

सिंधूला दिवस गेले. दानम्माला गेले नाहीत. दुसऱ्यांदा तपासून डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या की नळी जुळली नाही, आता काही उपयोग नाही. दानम्मा घरी आली आणि तिनं सिंधूसाठी भाकरी टाकल्या. त्या दिवशी सिंधूनं तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही.

पोटात बाळ असताना सिंधूचं अंग सुजलं, रक्तदाब चढला. दिवस भरण्याआधीच लातूरला बाळंतपण करावं लागलं. मुलगी झाली, वर्षाराणी. मुलगी जगली, पण सिंधूचा रक्तदाब काही उतरला नाही. तिला चक्कर यायची, डोकं दुखायचं, गोळ्या कधी घ्यायची, कधी नाही. त्यामुळे लेकराचं न्हाऊमाखू, दूधपाणी, रात्रीचं रडणं सगळं दानम्माकडं आलं. वर्षाराणी बोलू लागली तशी सिंधूला 'माय' आणि दानम्माला 'मोठीमाय' म्हणायची. एकदा खेळता खेळता ती दानम्माला नुसतं 'माय' म्हणाली. सिंधूनं उठून लेकराच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली. नंतरचे कितीतरी दिवस दानम्मा लेकराला कडेवर घेताना सिंधू बघतेय का ते बघायची.

वर्षाराणी हुशार निघाली. दहावीला तिला इतके मार्क पडले की बसलिंगप्पानं गावभर पेढे वाटले. पोरगी म्हणाली, मला डॉक्टर व्हायचंय. भूकंपानंतर दोघा भावांना शेजारशेजारची दोन घरं मिळाली होती; त्या दोन्ही घरांनी ते असं उचलून धरलं, की जणू ती झालीच डॉक्टर. लातूरला खोली घ्यायची ठरली. पण सोबत कोण राहणार? सिंधूच्या दोन्ही किडन्या तोवर कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला लातूरला मशीनवर न्यावं लागायचं. म्हणून दानम्मा गेली. अण्णाराव म्हणाला, "मी करून खातो. तू जा. एवढं एकच तर लेकरू हाय आपल्या दोन घरांत."

लातूरची दोन वर्षं दानम्माला बरी गेली. घरमालकाची सून शाळेत शिकवायची. तिचं बाळ ती दुपारभर दानम्माकडं ठेवायची, त्यामुळे खोली रिकामी वाटायची नाही. शेजारच्या खोलीत उदगीरची बेगमबी होती. तिच्या नवऱ्याचं, नजीरभाईंचं, उदगीरच्या बाजारात शिवणकामाचं दुकान. बेगमबीची मुलगी जिक्रा वर्षाराणीबरोबरच क्लासला जायची. दोघी बाया मिळून पाणी भरायच्या, एकीनं भाजी केली की दुसरीला वाटी जायची. मशीनचा दिवस असला की सिंधू दवाखान्यातून खोलीवर यायची, पलंगावर पडून राहायची आणि पोरगी घोकत असली की तिच्याकडं नुसती बघत राहायची. "अक्का, ही काय म्हणायली, कळतंय का तुम्हाला?" ती विचारायची. दानम्मा म्हणायची, "मला कळलं असतं तर मीच झाले नसते का डॉक्टर?"

बारावीची परीक्षा झाली. मग मे महिन्यात डॉक्टरकीच्या प्रवेशाची सीईटी. तिच्यावरच सगळं होतं. त्याच्या महिनाभर आधीपासून सिंधू खोलीवर यायची बंद झाली. मशीनच्या नळीचा संसर्ग अंगात भिनला होता, ताप हटत नव्हता. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. बसलिंगप्पानं दानम्माला फोनवर सांगितलं आणि बजावलं, की पोरीला यातलं काही कळू द्यायचं नाही. दानम्मानं वर्षाराणीला सांगितलं, मायला आता मशीनला सोलापूरला नेतात, तिथले डॉक्टर चांगले आहेत. सांगताना तिला आपला आवाज आपल्या भावासारखा वाटला.

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी बसलिंगप्पाचा फोन आला. घरमालकाच्या सुनेचं बाळ दानम्माच्या मांडीवर झोपलेलं होतं.

"वैनी, सिंधूचं काही खरं न्हाई. सकाळपासून एकच लावलंय, वर्षाला आणा, वर्षाला आणा."

"मग आणते की."

"येड लागलं का तुम्हाला? उद्या पेपर हाय. उद्या पेपर सुटला की जीप घेऊन मी सोता येतो. आजच्याला गप बसा."

"आन् उद्यापर्यंत काही झालं तर?"

तिकडं बसलिंगप्पा खाकरला. मग तो म्हणाला, "झालं तर झालं. दोन वर्षं कशासाठी घातली आपण? तुम्हाला माझी आण हाय."

फोन ठेवून दानम्मा तशीच बसून राहिली. बाळ जागं झालं, रडलं, तिनं त्याला खांद्यावर टाकून थोपटलं. बेगमबी दारात आली. दानम्माचा चेहरा बघून तिनं विचारलं आणि दानम्मानं तिला सगळं सांगितलं.

बेगमबी उंबऱ्यावर बसली. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "बहन, मी असते तर न्हाई सांगितलं असतं. अल्ला माफ करो. एका रात्रीचा सवाल हाय."

"माझ्या भावानं बी असंच ठरवलं असंल," दानम्मा म्हणाली. बेगमबीला भूकंपाचं ठाऊक होतं. तिनं बाळाला आपल्याकडं घेतलं आणि निघून गेली.

ऊन कलतं झालं तेव्हा वर्षाराणी आली. चपला काढल्या, पाय धुतले, डब्यातला चिवडा वाटीत घेतला. तिचा चेहरा अभ्यासानं आणि जागरणानं एवढासा झाला होता. दानम्माला वाटलं, आता नको. मग वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"वर्षा, इकडं बस जरा."

पोरीनं वाटी खाली ठेवली. "मायला काय झालं?"

"जित्ती हाय. पण लई वंगाळ हाय. तुला विचारायली."

"सोलापूरला हाय ना ती?"

"न्हाई. घरी हाय. डॉक्टरनं घरी न्या म्हणलं. सोलापूरचं मी खोटं सांगितलं."

वर्षाराणी तिच्याकडं बघत राहिली. रडली नाही. "उद्या माझा पेपर हाय, हे ठाऊक हाय ना तुला?"

"हाय ठाऊक."

"मग आज कामून सांगायलीस?"

दानम्मानं चिवड्याची वाटी बाजूला सरकवली. "सांगायचं ते मी सांगितलं. जायचं का न्हाई, तू ठरव. पेपर देऊन गेलीस तरी मी तुला कधी नावं ठेवणार न्हाई."

पोरगी उठली. पुस्तकाकडं गेली, ते उघडलं, मिटलं. मग तिनं दप्तर रिकामं केलं आणि त्यात एक ड्रेस आणि उद्याच्या परीक्षेचं प्रवेशपत्र टाकलं. "सकाळी लवकर परत यायचं," ती म्हणाली. "बाबाला म्हणावं जीप तयार ठेव."

औशाच्या बसमध्ये दोघी उभ्यानं आल्या. तिथून वडापच्या जीपनं गावी. दिवे लागायच्या वेळी त्या अंगणात शिरल्या तेव्हा बसलिंगप्पा खाटेवर बसला होता. त्यानं पोरीला बघितलं, मग दानम्माला. तो काहीच बोलला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं दानम्माला नंतर कितीदा वाटलं.

सिंधूनं लेकीला ओळखलं. तिचा हात धरला आणि सोडला नाही. पहाटे तिला धाप लागली, डोळे वर गेले, जमलेल्या बायांनी तोंडात पाणी घातलं. जीप दाराशी उभी होती. बसलिंगप्पा आत येऊन म्हणाला, "चल, वर्षा. आता निघालीस तर वेळेवर पोचशील."

"ही अशी असताना?"

"तू थांबून काय करणार हायस? चल म्हणतो ना."

वर्षाराणीनं आईच्या हातातला हात सोडवून बघितला. मग परत तिथंच ठेवला. "मी न्हाई येत," ती म्हणाली.

ड्रायव्हर थोडा वेळ थांबला, त्यानं एकदा हॉर्न दिला आणि मग तो जीप घेऊन निघून गेला. लातूरला पेपर सुरू झाला असेल त्या वेळेला सिंधूची धाप उतरली. दुपारी तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं, संध्याकाळी पातळ भात खाल्ला.

सिंधू त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वैशाख सरत आला तेव्हा ती गेली. तोवर लेक तिच्याजवळ होती. लेकीनं तिची वेणी घातली, तिला भरवलं, तिचं अंग पुसलं. ज्या दोन भावांची नावं घरात कुणी काढत नसे, ती सिंधूनं लेकीला सांगितली. कोण कसा दिसायचा, कोण ताक मागायचा, कोण अंधाराला भ्यायचा. हे सगळं पेपर देऊन आली असती तरीही झालंच असतं. एका दिवसानं काही फरक पडला नसता. गावात जो तो हेच म्हणत होता आणि त्यात खोटं काही नव्हतं.

एका दुपारी वर्षाराणी आंघोळीला गेली तेव्हा सिंधूनं दानम्माला खुणेनं जवळ बोलावलं.

"अक्का, तुम्ही कशाला सांगितलं तिला?"

"तू विचारायलीस म्हणून."

"मी तर तापात होते. तापात माणूस काहीबी बोलतं." तिला दम लागला. ती थांबली, मग म्हणाली, "तुम्ही ऐकायचं न्हाई. पोरीचं बुडवलंत तुम्ही, अक्का."

दानम्मा पायथ्याशी सरकली. ती सिंधूचे पाय चेपत बसून राहिली. सिंधूनं पाय ओढून घेतले नाहीत, एवढंच.

सिंधूला मूठमाती दिली आणि बसलिंगप्पानं दानम्माशी बोलणं सोडलं. समोर आली की तो रस्ता बदलायचा. अण्णारावानं बायकोची बाजू घेतली नाही. तो एकदाच म्हणाला, "तुला आण घातली होती त्यानं," आणि कूस बदलून झोपला. जिक्राचा निकाल चांगला लागला. बेगमबीनं उदगीरहून फोन केला, पण आनंदाची बातमी सांगताना तिचा आवाज इतका खाली आला होता की दानम्मालाच म्हणावं लागलं, "अगं, मोठ्यानं सांग. पोरीनं नाव काढलं."

वर्षाराणी म्हणाली, मी अजून एक वर्ष बसते. बसलिंगप्पा म्हणाला, "कुणासंगं राहशील?" सिंधू नव्हती आणि दानम्मावर त्याचा भरवसा उरला नव्हता. घरात चूल पेटवायलाही आता वर्षाराणीच होती. तिनं एक वर्ष तसंच घरी काढलं, पुस्तकं उघडली आणि मिटली. पुढं नर्सिंगला नंबर लागला आणि ती नांदेडला गेली. त्या सगळ्या काळात ती दानम्माशी कधी वाकडं बोलली नाही. उलट एकदा म्हणाली, "मोठीमाय, तू सांगितलंस ते बरं केलंस. मला माय भेटली." दानम्मानं ते बोलणं किती वर्षं मनात जपून ठेवलं होतं.

वर्षाराणी नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स झाली. तिचं लग्न वैजनाथशी झालं. तो भोकरचा, वीज मंडळात वायरमन. पाऊसवारा आला की त्याला कुठंही, केव्हाही जावं लागायचं. मुलगी झाली, अन्विता. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा प्रश्न आला, लेकरू कुणाजवळ ठेवायचं? वैजनाथची आई भोकरला शेतात गुंतलेली, गुडघ्यांनी बेजार. वर्षाराणीनं फोन केला, "मोठीमाय, येतीस का?" दानम्माची मोडून जुळलेली कंबर आता थंडीत उठू द्यायची नाही. पण अण्णारावाला पुन्हा करून खायला सांगून ती दुसऱ्या दिवशी नांदेडच्या बसमध्ये बसली.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दानम्मा पुन्हा एकदा लेकराची झाली. आपल्याला आणखी किती वर्षं असं उचलता येईल, हा विचार तिला जिना चढताना यायचा. अन्विता गोड होती, पण नाजूक. घटकेत ताप चढायचा तिला.

एका दिवशी सकाळपासून पोरीचं अंग तापलं. दानम्मानं औषध दिलं, ओल्या फडक्यानं पुसलं, ताप उतरेना. वैजनाथ लाइनवर गेलेला, त्याचा फोन लागत नव्हता. तिनं वर्षाराणीला फोन केला. "वॉर्ड भरलाय, मोठीमाय, निघता येत न्हाई." परत केला. परत तेच. शेवटी दानम्मा पोरीला खांद्यावर टाकून जिना उतरली, ऑटो करून कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं गेली आणि इंजेक्शन देऊन आणलं. संध्याकाळी वर्षाराणी आली तेव्हा लेकरू झोपलं होतं, ताप उतरला होता.

वर्षाराणीनं लेकीच्या कपाळाला हात लावला आणि खुर्चीवर बसली. युनिफॉर्म तसाच अंगावर. दानम्मानं चहा पुढं ठेवला.

"लेकराला ताप हाय, घंटाभर सोडा म्हणलं," वर्षाराणी चहाकडं बघत म्हणाली. "डॉक्टर माझ्यापेक्षा लहान हाय. पोरगीच. सगळ्यांपुढं म्हणली, सिस्टर, घरचं घरी ठेवून यायचं."

"म्हणू दे. जित्तं लेकरू हाय, उद्या खेळंल."

"तसं न्हाई." वर्षाराणीचा आवाज एकदम चढला. "तिच्या जागी मी असते. तू त्या दिवशी गप बसली असतीस तर तिच्या जागी मी असते, मोठीमाय."

दानम्मा खाली जमिनीवर बसली.

"हाव," ती म्हणाली. "असतीस."

"तू सांगितलंस, त्याचं मला काही न्हाई. खरंच न्हाई. पण तू 'ठरव' म्हणलीस. मी सतरा वर्षांची होते. मी काय ठरवणार? पेपर दिला असता तर जन्मभर मायला सोडून गेले म्हणून रडले असते. न्हाई दिला म्हणून आता रडायलेय. तू मला हाताला धरून न्यायचं होतंस, न्हाईतर कोंडून ठेवायचं होतंस. ते माझ्यावर टाकायचं नव्हतं."

एवढ्या वर्षांत दानम्मानं या गोष्टीचा सगळ्या बाजूंनी विचार केला होता. सांगावं की सांगू नये, एवढ्याच दोन बाजू तिला दिसल्या होत्या. ही तिसरी बाजू तिच्या कधी डोक्यातच आली नव्हती. आपल्याला दवाखान्यात कुणी काही विचारलं नाही, कुणी काही ठरवू दिलं नाही, म्हणून आपण पोरीला ठरवू दिलं. ते आपण तिला दिलेलं देणं आहे, असं तिला वाटलं होतं. पोरीच्या डोक्यावर ते ओझं होऊन बसलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले. ना बसलिंगप्पापुढं, ना अण्णारावापुढं ते कधी निघाले होते.

वर्षाराणी तोंड ओंजळीत घेऊन रडत होती. बऱ्याच वेळानं दानम्मानं विचारलं, "मी जाऊ का गावाकडं?"

"आन् हिला कोण बघणार?" वर्षाराणी नाक पुसत म्हणाली.

त्या बोलण्यात माया होती की नुसती अडचण, हे दानम्माला कळलं नाही. तिनं ते शोधलंही नाही. चहा गार झाला होता, तो तिनं पुन्हा गरम करून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाराणी ड्युटीला गेली, दानम्मानं लेकराला तेल लावलं. त्या संध्याकाळचा विषय दोघींनी परत काढला नाही. पण वर्षाराणी दमून आली की दानम्मा आता तिच्या तोंडाकडं बघायला जरा भ्यायची.

हिवाळ्यात बसलिंगप्पा नांदेडला आला. डोळ्याला अंधारी येत होती. लेकीच्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं होतं. तो पोचला तेव्हा वर्षाराणी ड्युटीवर होती, जावई बाहेर. दार दानम्मानं उघडलं. दोघं एकमेकांकडं बघत उभी राहिली. तो बराच वाळला होता. गळ्याजवळचं कातडं लोंबत होतं, शर्टाची बटणं खालीवर लागली होती. ती बाजूला झाली, तो आत येऊन खुर्चीवर टेकला. अन्विता त्याच्या पायाशी गेली, त्यानं तिला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्याशीच बोलत राहिला. दानम्मानं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. पत्ती टाकली, दूध ओतलं. आपल्या हातचं तो घेईल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

बाहेरून आवाज आला.

"वैनी."

तिचा हात डब्यावर थांबला.

"साखर घालू नका. शुगर निघालीय मला."

"बरं, भावजी," ती म्हणाली.

"दोनतीन महिने झाले. गोळ्या हायेत. पण त्या घ्यायचं ध्यानात राहत न्हाई. घरात सांगायला कुणी न्हाई ना."

दानम्मानं साखरेचा डबा झाकण लावून मागं सरकवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पदरानं पुसलं आणि चहा गाळायला घेतला.